वेल्डर भरून घेईल

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सगळ्यांच्या चुका शेवटी एकाच माणसापुढे येऊन पडतात. मार्किंगला एक सूत इकडे सरकलं, कटिंगला एक सूत तिकडे गेलं, प्लेटला मुळातच थोडा बाक होता, आणि फिटरने ओढूनताणून जवळ आणल्या तरी दोन प्लेटांच्या मधे बोट जाईल एवढी फट राहिली, की कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतो, ‘‘राहू दे रे, वेल्डर भरून घेईल.’’ वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही आमच्या धंद्यातली रीत आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या जाड प्लेटच्या कामात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, आधी हातात होल्डर धरून आणि नंतर सुपरवायझर म्हणून. हे वाक्य मी ऐकून घेतलंय, आणि माझ्यादेखत दुसऱ्याला ऐकवलं जाताना पाहिलंय. त्याची किंमत कोण मोजतो, ते सांगायचं आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पातळ पत्रा कडेला कड लावून जोडता येतो. प्लेट २५-४० मिलिमीटर जाड असली की आर्क एवढ्या खोल पोचत नाही. म्हणून कडा तिरप्या कापतात, त्याला बेव्हल म्हणतात. दोन बेव्हल समोरासमोर आले की साधारण ६० अंशांची ‘व्ही’ तयार होते. तळाशी दोन्ही प्लेटांना दोनेक मिलिमीटरचं सपाट नाक ठेवतात आणि त्या नाकांमधे तीनेक मिलिमीटरची फट. ही फट म्हणजे रूट गॅप. आमच्या भाषेत एक सूत, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारागीर त्यासाठी गेज शोधत बसत नाही. ३.१५ च्या रॉडवरचा फ्लक्स झाडून टाकतो, रॉड वाकवतो, दोन प्लेटांच्या मधे अडकवतो आणि टॅक मारतो, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके लावून प्लेटा धरून ठेवतो. गॅप बरोबर बसते.

गॅप कमी असली तर आर्क तळापर्यंत पोचत नाही आणि मुळाशी न वितळलेली रेघ राहते. ती मागून गॉजिंग करून, म्हणजे आर्कने खाच कोरून, काढता येते. गॅप फार मोठी असली की दुखणं वेगळं. आर्कला उभं राहायला जागाच नसते. चांगल्या रूटमधे दोन्ही नाकं थोडी थोडी वितळतात, समोर किल्लीच्या भोकासारखं बारीक छिद्र उघडतं आणि वेल्डर ते छिद्र पुढे नेत नेत मागचं भरत जातो. गॅप चार सूत झाली की ते छिद्र राहत नाही, खिंडार होतं. धातू खाली गळतो. मग वेल्डर एका नाकावर थेंब ठेवतो, तो लालाचा काळा पडू देतो, दुसऱ्या नाकावर थेंब ठेवतो, पुन्हा पहिल्यावर येतो. हात चांगला असेल तर असं करत पूल बांधता येतो. पण वरून पूल जुळलेला दिसला तरी दुसऱ्या टोकाला धातू नाकात मुरलेला असेलच असं नाही, तो नुसता टेकलेला असू शकतो. काच लावून बघणाऱ्या वेल्डरलासुद्धा ते त्या क्षणी कळत नाही. अल्ट्रासॉनिक टेस्टला, म्हणजे यूटीला, कळतं, किंवा मशीन चालू लागल्यावर कळतं.

हिशेबही बघा. ४० मिलिमीटरची प्लेट, वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी बेव्हल, दोन मिलिमीटरचं नाक आणि तीन मिलिमीटर गॅप. भरायच्या धातूचं क्षेत्रफळ साधारण ५३७ चौरस मिलिमीटर येतं, म्हणजे मीटरला चार किलोच्या थोडं वर. तीच गॅप १२ मिलिमीटर झाली की क्षेत्रफळ ९०० च्या घरात जातं आणि मीटरला सात किलो धातू लागतो. रॉड, वीज, वेळ सगळं त्याच प्रमाणात वाढतं. त्याहून वाईट म्हणजे तेवढा जादा धातू थंड होताना आकसतो. दोन्ही प्लेटा आधीच जखडलेल्या असतात, त्यामुळे आकसायला वाव नसतो. एक तर प्लेट वाकते, नाहीतर ताण जोडाच्या आत कोंडून राहतो.

एवढी फट येते कुठून, हे सुपरवायझर झाल्यावर मी शोधायला लागलो. उत्तरं अगदी साधी होती. पग मशीनचा, म्हणजे रुळावर चालणाऱ्या गॅस कटरचा, रूळ कापताना सरकलेला असतो. गॅसची ज्योत दोन-तीन मिलिमीटर खाते, ते मार्किंगमधे धरलेलं नसतं. चौकोन कापला पण कर्ण ताडून पाहिले नाहीत, त्यामुळे एका टोकाला गॅप बरोबर आणि दुसऱ्या टोकाला फाकलेली. शेजारचा जोड आधी पूर्ण भरला, त्याने आकसून प्लेट आपल्याकडे ओढली आणि इकडची फट वाढली. साइटवर तर ऊनसुद्धा हात मारतं. ३० मीटर परिघाच्या टाकीचं कवच २० अंशांनी तापलं की सात मिलिमीटरने वाढतं. सकाळी घेतलेलं माप आणि दुपारचा फिटअप जुळत नाही तो यामुळे. यातलं एकही कारण वेल्डरच्या हातातलं नाही.

आता या फटीचं लोक काय करतात ते सांगतो, कारण त्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. सर्रास चालणारी युक्ती म्हणजे फटीत सळई टाकायची. बारा मिलिमीटरची फट असेल तर दहाची सळई बसते. ती दोन-चार टॅकने धरायची, वरून दोन रन मारायचे आणि त्यावर सुबक कॅपिंग. वरून कीर्तन, आतून तमाशा. नुसत्या डोळ्यांनी तपासणाऱ्याला असा जोड बहुतेक वेळा चांगल्या जोडापेक्षाही देखणा वाटतो.

असा एक जोड मी आतून पाहिला आहे. बाहेरच्या कुठल्याशा शेडमधे बनलेली एक जड बेसफ्रेम तडकली म्हणून आमच्याकडे दुरुस्तीला आली. तडा सरळ जोडाच्या कडेने धावत होता. आमच्या माणसाने कार्बन रॉडने गॉजिंग सुरू केलं. चांगल्या वेल्डमधे गॉजिंगची खाच गुळगुळीत आणि एकसारखी चकचकीत निघत जाते. इथे थोडं खाली गेल्यावर खाचेत एक काळी रेघ दिसायला लागली, मग तिच्या शेजारी दुसरी, दोन्ही एकमेकींना समांतर. आणखी खोल गेल्यावर मधून सळई उघडी पडली. बांधकामाची सळई होती ती. तिच्यावरचे आडवे उंचवटे तसेच शाबूत होते, म्हणजे तिला आर्कची धग लागली होती पण ती वितळली नव्हती. तिच्या दोन्ही अंगांना स्लॅगचा काळा थर साचलेला. एवढ्या जाड प्लेटचा जोड खरं म्हणजे वरच्या आणि खालच्या सालीवर उभा होता. ज्याने तो केला त्याचा हात चांगला होता, हे कॅपिंगवरून दिसत होतं. त्याला कुणीतरी भरून घ्यायला सांगितलं होतं आणि त्याने भरून घेतलं होतं.

खरा मार्ग काय, ते आमच्या शेडमधल्या एका कामावरून सांगतो. हायड्रॉलिक प्रेसच्या फ्रेमची प्लेट होती. आयएस २०६२ ची, ४० मिलिमीटर जाड, जोड दोनेक मीटर लांब. प्रेसची फ्रेम प्रत्येक ठोक्याला ताणली जाते आणि सैल होते. अशा ठिकाणी आतला छोटा दोषसुद्धा हळूहळू तड्यात वाढतो. फिटअप झाल्यावर आमचे जुने वेल्डर, ज्यांना सगळी शेड अण्णा म्हणायची, ते टॅपर गेज घेऊन जोडाच्या कडेने चालत गेले आणि दर फुटावर प्लेटवर खडूने आकडा लिहीत गेले. पहिला आकडा ३, शेवटचा १२.

‘‘साहेब, इकडं एक सूत हाय, तिकडं चार सूत. मधून खाली बघितलं तर फरशी दिसतीया.’’

प्लॅनिंगचे साहेब तिथेच होते. डिस्पॅचची तारीख डोक्यावर. ते म्हणाले, ‘‘अण्णा, तुमच्यासारख्या वेल्डरला यात काय अवघड आहे? दोन रन जास्त मारा.’’

‘‘मारतो की. पण यूटी करणारा येईल तवा तुम्ही हितं उभं ऱ्हावा.’’

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा सगळ्यांना कळला. मग पर्यायांवर बोललो. प्लेट पुन्हा सरळ कापायची तर लांबी नऊ मिलिमीटरने कमी होत होती आणि पलीकडच्या टोकाची भोकं आधीच मशिनिंग होऊन आली होती. मागून स्टीलची बॅकिंग पट्टी लावून रूट मारता आला असता, पण पट्टी आणि प्लेटच्या मधली बारीक खाच आत राहते आणि ठोक्यांच्या कामाला ती घातक. काढून टाकायची तर ते आणखी एक काम. तांब्याची पट्टी लावली आणि आर्क तिला चुकून लागला, तर तांबं वेल्डमधे जाऊन तडे जाण्याची भीती. सिरॅमिक बॅकिंग चांगलं, पण बारा मिलिमीटरची उघडी फट एका दमात भरायला तेही योग्य नाही, आणि जादा धातूच्या आकसण्यावर त्याचा काही उपाय नाही. मधे तुकडा घालायचा तर बऱ्यापैकी रुंद तुकडा लागतो आणि एका जोडाचे दोन जोड होतात. उरला एकच रस्ता. जी कड कमी पडली आहे तीच वेल्डने वाढवायची, घासून पुन्हा मूळ मापाला आणायची आणि मग जोडायची. आम्ही त्याला बटरिंग म्हणतो.

अमेरिकन स्ट्रक्चरल वेल्डिंग कोडमधे, म्हणजे एडब्ल्यूएस डी१.१ मधे, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. परवानगीपेक्षा मोठी गॅप असेल पण ती पातळ प्लेटच्या जाडीच्या दुपटीपेक्षा किंवा २० मिलिमीटरपेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त नसेल, तर भाग एकमेकांना जोडायच्या आधी कड वेल्डने दुरुस्त करता येते. त्यापुढे गेलात तर इंजिनिअरची मंजुरी घ्यावी लागते. त्यात ‘जोडायच्या आधी’ ही अट महत्त्वाची. ती कागदी नाही, तिच्यामागे कारण आहे.

टॅक घासून काढले. क्रेनने चुकलेली प्लेट उचलून कड वर येईल अशी उभी केली आणि दोन्ही बाजूंनी आधार दिले. गॅस कटिंगचा काळा थर आणि निळसर डाग ग्राइंडरने घासून कड पांढरी केली. एलपीजीच्या बर्नरने प्लेट १०० अंशांच्या आसपास तापवली. तापमानाच्या खडूची रेघ वितळली तेव्हा अण्णांनी होल्डर उचलला. ७०१८ चे रॉड ओव्हनमधे भाजून गरम डब्यात ठेवलेले होते. एकेक बाहेर काढायचा आणि लगेच वापरायचा, कारण या रॉडने हवेतला ओलावा धरला की हायड्रोजन वेल्डमधे जातो आणि जाड प्लेटला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा देतो.

फट एका टोकाला शून्य जादा आणि दुसऱ्या टोकाला नऊ मिलिमीटर जादा, म्हणजे कडेवर पाचरीच्या आकाराची भर हवी होती. अण्णांनी खडूने तीन खुणा केल्या. पहिला थर जवळजवळ पूर्ण लांबीचा, दुसरा एक तृतीयांश अंतर सोडून पुढून, तिसरा फक्त शेवटच्या तुकड्यावर. प्रत्येक थर सुमारे तीन मिलिमीटरचा. रॉड आडवा हलवायचा नाही, सरळ अरुंद रन ओढायचे, पुढच्या रनने मागच्या रनचा अर्धा भाग झाकायचा. एक रन एका उतारावर झाला की पुढचा दुसऱ्या उतारावर, नाहीतर कड एका बाजूला ओढली जाते. प्रत्येक रननंतर चिपिंग, मग वायर ब्रश. रन संपतो तिथे खड्डा राहू नये म्हणून अण्णा रॉड क्षणभर मागे नेऊन मगच उचलायचे. दोन शेजारच्या रनची टोकं एका रेषेत येऊ देत नव्हते.

घासून बेव्हल टेम्प्लेटला बसवल्यावर डीपी टेस्ट केली. लाल रंग लावून पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला. तिसऱ्या थराच्या सुरुवातीला एक लाल ठिपका उगवला, मोहरीएवढा. तेवढी जागा घासून काढली, एक छोटा रन भरला, पुन्हा टेस्ट केली. तो ठिपका तेव्हा सापडला कारण कड उघडी होती. जोड भरल्यावर तोच दोष २० मिलिमीटर खोल गाडला गेला असता आणि काढायला वरचा सगळा धातू उपसावा लागला असता.

पुन्हा फिटअप केला तेव्हा अण्णांच्या खडूचा प्रत्येक आकडा ३ होता. स्ट्राँगबॅक लावले, रूट मारला, पलटी करून मागून स्वच्छ धातू लागेपर्यंत गॉजिंग केलं, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने भरत आणल्या. यूटी एकदाच झाली. दुरुस्ती निघाली नाही.

प्लॅनिंगच्या साहेबांनी नंतर एक रास्त प्रश्न विचारला. धातू तर तेवढाच लागला, मग फटीत भरला काय आणि कडेवर चढवला काय, फरक कशाचा? फरक आहे तो धातू कधी आकसतो याचा. कड मोकळी असताना चढवलेला धातू आकसतो तेव्हा त्याला अडवणारं समोर कुणी नसतं. तो हवा तेवढा आकसतो, थोडीफार प्लेट ओढतो, ते आपण मापाला घासून घेतो. नंतरच्या जोडात आकसायला फक्त तीन मिलिमीटर गॅपच्या हिशेबाचा धातू उरतो. फटीत भरलं असतं तर सगळा धातू दोन्हीकडून बांधलेल्या अवस्थेत आकसला असता. दुसरा फरक असा की कडेवरचा प्रत्येक रन डोळ्यांना दिसतो, घासता येतो, तपासता येतो.

आता कागदाबद्दल. एएसएमई सेक्शन नाइन या कोडप्रमाणे हाताने केलेल्या आर्क वेल्डिंगमधे रूट गॅप बदलली म्हणून प्रोसिजरची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पण बदल डब्ल्यूपीएसमधे, म्हणजे वेल्डिंग कसं करायचं ते लिहिलेल्या कागदात, लिहावा लागतो. बऱ्याच शेडमधे पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि दुसरं कुणी वाचत नाही. तो कागद भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो आणि त्याच्यावरच्या गॅपशी खालच्या कामाचा काही संबंध नसतो. आम्ही त्या कामानंतर एवढंच केलं, की अण्णांची खडूची पद्धत नियम केली. दर फुटाला गॅप मोजायची, प्लेटवरच लिहायची, आणि फिटअपच्या सहीआधी सही करणाऱ्याने आकडे स्वतः वाचायचे. आकडे दिसायला लागल्यावर पग मशीनवाला रूळ तपासायला लागला आणि मार्किंगवाला कर्ण मोजायला लागला. कुणाला ओरडावं लागलं नाही.

आयटीआयमधून आलेल्या मुलांना मी एकच सांगायचो. गॅप मोठी दिसली तर होल्डर खाली ठेवा आणि आधी सुपरवायझरला बोलवा. हे सांगायला तुम्ही लहान नाही आहात. रूट तुमच्या हातून जाणार आहे, यूटीला जोड फेल झाला की रिपोर्टवर तुमचाच वेल्डर नंबर येणार आहे. मोठी फट भरून दाखवण्यात कसब आहे हे मला मान्य आहे, पण ते कसब कड वाढवताना वापरा.

पण पोरांना उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याचं मूळ पैशात आहे. आपल्याकडे कंत्राटी वेल्डरला मीटरवर किंवा टनावर पैसे मिळतात. कड वाढवण्यात आख्खी पाळी गेली तर त्या दिवशी एक मीटरही जोड झालेला नसतो, आणि बिलात त्या पाळीची ओळच नसते. सळई टाकणाऱ्याचे मात्र संध्याकाळपर्यंत दोन-तीन मीटर होतात. म्हणजे नीट काम करणाऱ्याला आपण दंड लावतो आणि झाकपाक करणाऱ्याला बक्षीस देतो, आणि वर म्हणतो की हल्ली चांगले वेल्डर मिळत नाहीत. ज्यांची शेड आहे आणि जे रेट ठरवतात त्यांना माझी विनंती आहे: तुमच्या रेटच्या कागदावर कड वाढवण्याच्या कामाचा वेगळा दर लिहा, आणि तो खर्च वेल्डरच्या नावावर न टाकता ज्या खात्यात चूक झाली त्या खात्यावर टाका. तुमच्या जोडांतल्या सळया त्या दिवसापासून कमी होतील.